खेळाडूंच्या मनाची शुश्रूषा

संत पौलाने ख्रिस्ती जीवनाला धावण्याच्या शर्यतीची उपमा दिली आहे. मात्र धावणाऱ्याचे मनही थकते. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची कॅथलिक जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने मानसिक स्वास्थ्यासाठी सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, तेव्हा हे सत्य जगासमोर आले.

अशा खेळाडूंना आधार देणारे समुपदेशक घडविण्यासाठी अमेरिकेतील काही विद्यापीठांनी समुपदेशनाच्या पदव्युत्तर शिक्षणक्रमाला क्रीडा व आरोग्य मानसशास्त्राची जोड दिली. तेथील राष्ट्रीय मान्यता मंडळाच्या निकषांनुसार समुपदेशनाच्या विद्यार्थ्याला किमान १०० तासांचा प्राथमिक सराव व ६०० तासांचे प्रत्यक्ष कार्य अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पूर्ण करावे लागते. स्पर्धेचे दडपण, दुखापतीनंतरचे नैराश्य, आहारविकार, निवृत्तीनंतरची पोकळी हे या शाखेचे प्रमुख विषय होत.

समुपदेशक गोपनीयता पाळतो; परंतु जीवितास धोका दिसल्यास ती मर्यादित होते. पापनिवेदनाची गुप्तता मात्र अभंग असते. म्हणूनच या दोन सेवा परस्परपूरक आहेत, पर्यायी नव्हेत. मैदानावरून खिन्न होऊन परतणाऱ्या मुलासाठी पालकांनी प्रार्थना करावी आणि तज्ज्ञाचे साहाय्य घेण्यास संकोचू नये.