मूल बोलत नाही : उपचारापूर्वी काय पाहावे?

राजुऱ्याच्या आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, हिंदी अशा अनेक भाषा कानावर पडतात. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. अशा ठिकाणी पहिलीतले एखादे मूल गप्प राहिले, की आपण शिक्षक चटकन म्हणतो, "घरी गोंडी, शाळेत मराठी. गोंधळले असेल." आणि पालकांना सांगतो, "घरीसुद्धा मराठीच बोला."

हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषा ऐकल्यामुळे मुलाचे बोलणे मागे पडत नाही. खरा अडथळा असेल, तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो. म्हणून आईला पहिला प्रश्न विचारावा : मूल घरी, घरच्या भाषेत कसे बोलते? तिथे ते भरभरून बोलत असेल, तर त्याला उपचार नको, मराठी शिकायला वेळ हवा. घरीही ते मागे असेल, तर मात्र थांबू नये. दोन वर्षांचे मूल साधारणपणे दोन शब्द जोडून बोलते. चौथ्या वर्षी त्याचे बरेचसे बोलणे परक्यालाही कळते.

यानंतर पहिली तपासणी कानाची. हाक मारली की मूल वळून पाहते, म्हणजे त्याला नीट ऐकू येते असे नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठते. मग आवाज पोचतो, पण 'स', 'फ' यांसारखे बारीक ध्वनी हरवतात. श्रवण तपासल्याशिवाय वाचा-उपचार सुरू करणे म्हणजे पाया न पाहता भिंत बांधणे होय.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. ऐकण्याच्या व बोलण्याच्या अडचणी त्यात येतात आणि पुढचे उपचारही मोफत असतात. खासगी दवाखान्याची वाट धरण्यापूर्वी या पथकाकडे मूल जरूर दाखवावे.

तरीही अनेक पालक चंद्रपूर किंवा नागपूरला खासगी तज्ज्ञाकडे जातात. त्यांनी काय विचारावे? पहिले म्हणजे नोंदणी. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे वाचातज्ज्ञाची नोंद असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? दुसरे, तपासणीनंतर पुढील तीन महिन्यांचे उद्दिष्ट लिहून मागावे. तिसरे, फी आणि बैठकींची संख्या आधीच ठरवून घ्यावी. "इतक्या महिन्यांत हमखास बोलते करतो" म्हणणाऱ्यापासून किंवा जीभ सुटण्याचे औषध देणाऱ्यापासून दूर राहावे. जिभेखालचा पडदा कापल्यानेही न बोलणारे मूल बोलू लागत नाही. शब्द समजणे आणि जोडणे हे मेंदूचे काम आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चौथा : "आम्हाला आत बसू द्याल का?" साधा हिशेब करू. आठवड्याला एक बैठक पाऊण तासाची. मूल मात्र आठवड्यात सुमारे चौऱ्याऐंशी तास जागे असते. भाषा वाढते ती या उरलेल्या तासांत. मूल ज्या वस्तूकडे पाहते तिचे नाव घेणे, मग थांबून त्याला संधी देणे, त्याने "पाणी" म्हटले की "थंड पाणी हवं?" असे वाढवून म्हणणे, ही रीत तज्ज्ञ पालकांना शिकवतो. तज्ज्ञाला गोंडी येत नसेल, पण आईला येते. तिला दाराबाहेर बसवले, तर निम्मा उपचार बाहेरच राहिला.

आता आपण आईला काय सांगितले होते ते आठवू या. घरची भाषा बंद करा! ज्या भाषेत ती सहज गोष्ट सांगते, रागावते, लाड करते, तीच आपण तिच्याकडून काढून घेतली. मग मोडक्यातोडक्या मराठीत ती कमी बोलू लागते, आणि ज्या मुलाला जास्त बोलणे ऐकायला हवे, त्याला कमी ऐकायला मिळते.

तेव्हा पुढच्या पालकसभेत एवढे तरी सांगू या : कान तपासा, नोंदणी पाहा, आत बसा, आणि घरी आपल्याच भाषेत भरपूर बोला.