जन्मभराची राखण

आंब्याच्या हंगामात बागेला राखण लागते. माकडे येतात, चोर येतात. राखणदार रात्रभर जागतो. पान सळसळले की काठी उचलतो. हंगाम संपला की तो घरी येऊन गाढ झोपतो.

पण जन्मभर अशी राखण करावी लागली तर?

काही पुरुषांना ती करावी लागते. बहुतेक पुरुषांच्या मनाची ओढ स्त्रीकडे असते. काहींची पुरुषाकडे असते. त्यांना समलिंगी म्हणतात. काहींची दोघांकडेही असते. त्यांना उभयलैंगिक म्हणतात. ही ओढ कोणी ठरवून लावून घेत नाही. तो रोगही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली ती रोगांच्या यादीतून काढली. इंग्रजांच्या १८६० सालच्या कायद्याने मात्र असा संबंध गुन्हा ठरवला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा खाजगी संबंध गुन्हा नव्हे.

कायदा बदलला. लोकांचे हसणे थांबले का?

आम्ही रत्नागिरीकडे पुष्कळ वर्षे मुले शिकवली. एका वर्गात एक हळवा मुलगा होता. पोरे त्याला 'बायल्या' म्हणून चिडवीत. आम्ही ऐकले आणि थट्टा समजून गप्प बसलो. पुढे तो शाळेत येईनासा झाला. त्याच्या मनाची ओढ कुठे होती, ते आम्हांला ठाऊक नाही. पण त्याच्या बाजूने एक शब्द बोलायला हवा होता. ही चूक आमची.

भीती वाटली की छाती धडधडते. रक्ताचा दाब चढतो. झोप उडते. भीती गेली की शरीर शांत होते. पण लहानपणी चिडवणे, तरुणपणी लग्नाची सक्ती, पुढे कामावर लपवाछपवी, म्हातारपणी एकटेपणा, असे चालत राहिले तर शरीराला विसावा कधी मिळणार? मग मन खचते. कोणी दारू-तंबाखूला लागतो. कोणाला जीव नकोसा होतो. डॉक्टर काय म्हणतील, या धास्तीने कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. साधे दुखणे वाढते. एचआयव्हीची तपासणी उशिरा होते. अनेक देशांतल्या पाहण्यांत हेच दिसून आले आहे. म्हणजे आजार त्या ओढीने होत नाही. आजार होतो तो भीतीने आणि अपमानाने.

मग आपण काय करावे?

मुलाने मनातले सांगितले तर त्याला मारू नका. भगताकडे नेऊ नका. बळेच लग्न लावू नका. त्यात परक्या मुलीचाही जन्म फुकट जातो. 'मुलगा बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टराला पैसे देऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असा उपचार हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरवले आहे.

मन खचले तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे. रत्नागिरीला मनोरुग्णालयही आहे. तेथे गेले म्हणजे माणूस वेडा ठरत नाही. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि नाव गुप्त राहते. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून अशा पुरुषांच्या आरोग्यासाठी काम करते.

पण पहिले औषध घरातच आहे. "तू आमचाच आहेस," एवढे आईबापांनी म्हणावे. मग त्याला घरात तरी राखण करावी लागणार नाही.