धरणगाव : जुन्या रस्त्यावरची पेठ आणि आमचं घर

आज माझ्याच गावाविषयी बोलतो. धरणगाव म्हटलं की लोकांना जळगाव-अमळनेरच्या मधलं स्टेशन आठवतं. पण रेल्वेच्या कितीतरी आधी सुरत-बुऱ्हाणपूर हा मोठा व्यापारी रस्ता खानदेशातून जायचा, आणि त्याच्या टप्प्यात आपली ही कापडाची पेठ होती. म्हणून तर १६७४ साली इंग्रजांनी इथं वखार काढली. पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजेनं ती लुटली! १८२५ नंतर आउट्रमच्या भिल्ल पलटणीचं ठाणंही इथंच होतं.

आज यातलं दिसतं काय? फारच थोडं.

जपानमध्ये एदो-क्योतो रस्त्यावर त्सुमागो नावाचं मुक्कामाचं गाव आहे. रेल्वे दुसरीकडून गेली, गाव बाजूला पडलं, म्हणून जुनी घरं उरली. पण ती टिकली गावकऱ्यांमुळे. १९७१ मध्ये त्यांनी ठरवलं : घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारी संरक्षण आलं त्यानंतर, १९७६ मध्ये.

हे आजच सांगतोय, कारण आमचं धाब्याचं घर विकायला निघालंय. लाकूडवाले सागवानी खांब मोजून गेले. भाऊबंदांच्या सह्या झाल्यात, माझी तेवढी राहिलीय. अजून केली नाही.