कॉसचं बटण आणि बानाखची अट

शास्त्रीय कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून 1 हा आकडा घ्यावा आणि कॉसचं बटण दाबत राहावं. आधी 0.5403 येतं, मग 0.8576, मग 0.6543, मग 0.7935. आकडा कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. पण झोका लहान होत जातो आणि चाळीसेक वेळा बटण दाबल्यावर 0.739085 आलं की पहिले सहा दशांश हलायचं नाव घेत नाहीत. सुरुवात 1 ऐवजी 57 पासून केली तरी मुक्काम तोच. (कॅल्क्युलेटर अंशांवर राहिला असेल तर मात्र गाडी 0.9998 वर थांबते. तिथला स्थिर बिंदू वेगळा.)

जो आकडा क्रिया करूनही जागचा हलत नाही, तो त्या क्रियेचा स्थिर बिंदू. तो असतो कधी, आणि एकच कधी असतो? याचं एक नेमकं उत्तर पोलिश गणिती स्तेफान बानाख यांनी 1922 साली छापलेल्या प्रबंधात दिलं. त्याआधी, 1916 मध्ये, क्राकूवच्या बागेत फिरताना गणिती ह्युगो स्टाइनहाउस यांच्या कानावर ‘लेबेग इंटिग्रल’ ही गणितातली संज्ञा पडली. वळून पाहतात तर बाकावर दोन तरुण गप्पा मारत बसलेले. त्यांतला एक बानाख.

बानाख यांची अट सोपी वाटते. कोणतेही दोन बिंदू घ्या. क्रियेनंतर त्यांच्यातलं अंतर आधीच्या अंतराच्या एका ठरावीक पटीत किंवा त्याहून कमी उरलं पाहिजे, आणि ती पट 1 पेक्षा लहान हवी. 0 ते 1 या पट्ट्यात कॉससाठी 0.85 ही पट चालते. बिंदू म्हणजे आकडेच असावेत असंही नाही. मॉरिस फ्रेशे यांनी 1906 मध्येच दाखवलं होतं की अंतराचे दोन-चार नियम पाळले गेले, तर वक्र, फलनं, कशाकशातलंही अंतर मोजता येतं. अशा संचाला मेट्रिक अवकाश म्हणतात.

खरी गोम ‘ठरावीक’ या शब्दात आहे. अंतर नुसतं कमी होऊन भागत नाही. 1 किंवा त्याहून मोठी संख्या घेऊन तिच्यात तिचाच व्यस्त मिळवा: 1 चे 2 होतात, 2 चे 2.5, 2.5 चे 2.9. दोन संख्यांतलं अंतर दर वेळी घटतं, पण 100 आणि 101 मधलं 1 हे अंतर जेमतेम 0.9999 होतं. घट अशी चिक्कू होत जाते आणि संख्या पुढेच सरकत राहतात. स्थिर बिंदू सापडतच नाही.

दुसरी अट अवकाशाची: त्यात भोकं नकोत. एखादी संख्या आणि 2 ला तिने भागून येणारा भागाकार, यांची सरासरी घेत जा. 1 पासून 1.5, 1.4167, 1.414216 असं 2 च्या वर्गमुळाकडे झपाट्याने जाता येतं. पायऱ्या सगळ्या अपूर्णांकांच्या, पण मुक्काम अपूर्णांकांत नाही. फक्त अपूर्णांकांचं जग मानलं, तर तिथे भोक आहे. भोकं नसलेल्या अवकाशाला गणिती ‘पूर्ण’ म्हणतात.

पुढे बानाख यांच्या अंतराच्या अटीत फेरफार करण्याची जणू टूमच निघाली. त्यांतला एक फेरफार भारतातला. आर. कन्नन यांचा 1968 मधला लेख कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला. त्यांनी दोन बिंदूंमधल्या जुन्या अंतराकडे पाहिलंच नाही. प्रत्येक बिंदू स्वतःच्या जागेपासून किती सरकला ते मोजायचं, दोन्हींची बेरीज करायची. नवं अंतर त्या बेरजेच्या निम्म्याहून लहान अशा ठरावीक हिश्श्यात बसलं की झालं.

याने मोठी सोय झाली. समजा, 0 ते 1 मधल्या अर्ध्याहून लहान संख्येला 4 ने भागायचं आणि बाकीच्यांना 5 ने. 0.4999 ही संख्या 0.125 च्या जवळ जाते आणि 0.5 ही थेट 0.1 वर. शेजाऱ्यांची ताटातूट! बानाखची अट इथेच मोडते, कारण तिला असा तुटकपणा मुळीच चालत नाही. कन्नन यांची अट मात्र टिकते आणि स्थिर बिंदू मिळतो: शून्य.