बोटे पांढरी न पडताही जडणारा आजार

ग्राइंडर, ब्रेकर, हॅमर मशीन, फरशी कापायचा कटर ही हत्यारे वर्षानुवर्षे धरणाऱ्या कामगाराच्या हाताला एक विकार जडतो. यंत्राची कंपने मुठीतून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत चढत जातात आणि बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या, संवेदना वाहणाऱ्या नसा, स्नायू आणि सांधे यांना हळूहळू इजा करतात. वैद्यकशास्त्रात याला हात-बाहू कंपन विकार म्हणतात.

वसई-विरारमध्ये या हत्यारांना उसंत नसते. नालासोपारा पूर्वेचे आचोळे गाव आता इमारतींच्या दाटीत सामावून गेले आहे. भिंतींना खाचा पाडून वायरिंगचे पाइप बसवणारे, ग्रॅनाइट कापणारे, जुना स्लॅब फोडणारे, गाळ्यांत ग्रिल आणि शटर बनवणारे, शिवाय वसई पूर्वेच्या गोखिवरे, वालीव, सातिवली भागांत धातू घासणारे, अशा सगळ्यांच्या हातांत दिवसभर काहीतरी थरथरत असते. बांधकामावरचे बरेच जण ठेकेदारामार्फत किंवा थेट नाक्यावरून येतात, आज एका साइटवर तर उद्या दुसऱ्या. कोणी कोणते मशीन किती वर्षे धरले, याची नोंद कुठेच राहत नाही.

थंडीत बोटांचा रक्तपुरवठा आखडून ती पांढरी पडतात, हे मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये नोंदवले. पुढे १९११ मध्ये इटलीत लोरिगा यांनी हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्यांत हीच तक्रार पाहिली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात चुनखडीचे दगड घडवणाऱ्या कामगारांची तपासणी डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये केली आणि कंपन व थंडी यांचा संबंध ठळकपणे मांडला. तेव्हापासून पांढरी बोटे हीच या आजाराची ओळख ठरली.

आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. बोटे पांढरी पडायला बहुधा थंडी लागते. वसईच्या दमट, उबदार हवेत ही खूण क्वचितच उमटते. उष्ण प्रदेशांतल्या कामगारांत नसांच्या तक्रारी अधिक आढळतात: काम संपल्यावरही न जाणाऱ्या मुंग्या, बोटांच्या टोकांचा बधिरपणा, ढिली पडलेली पकड. शर्टाचे बटण लावता येत नाही, खाली पडलेला स्क्रू चिमटीत येत नाही. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मुख्य नस दाबली गेली, तर अंगठा व त्याच्या शेजारची बोटे रात्री झोपेतून उठवतात. कामगार म्हणतो, थकवा असेल. डॉक्टरला मधुमेह किंवा मानेचा मणका आठवतो. ती कारणे तपासायलाच हवीत, पण मशीनही आठवायला हवे.

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १८० हून अधिक. चकती एका बाजूने झिजली किंवा बेअरिंग ढिले झाले की थरथर वाढते. कोपऱ्यात हात पोचावा म्हणून बाजूचा दांडा काढून टाकतात. मग मशीन आवरायला मूठ आणखी घट्ट आवळावी लागते, आणि मूठ जितकी घट्ट तितके कंपन जास्त आत शिरते.

किती कंपन चालेल, याचे हिशेब ठरलेले आहेत. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही पातळी गाठली की उपाय सुरू करावेत, आणि ५ ही मर्यादा कधीच ओलांडू नये. कंपन दुप्पट झाले की सुरक्षित वेळ निम्मा नव्हे, चौथाईवर येतो. १० पातळीचे मशीन अर्ध्या तासात पहिली रेषा गाठते आणि दोन तासांत दुसरी. ब्रेकरची पातळी याहूनही वर जाऊ शकते.

म्हणूनच खरा उपाय यंत्रात आणि कामाच्या वाटणीत आहे. कमी कंपनाचे मशीन घ्यावे, चकती आणि छिन्नी वेळेवर बदलावी, फोडकाम दोघा-तिघांनी आळीपाळीने करावे. जाड हातमोज्यांवर भिस्त ठेवणे चूक आहे. ते जखमांपासून वाचवतात, पण ब्रेकरसारख्या हत्याराच्या संथ, जोरकस कंपनांना फारसे अडवत नाहीत. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आणखी आखडतात. सुरुवातीलाच कंपन थांबले तर त्रास बराच ओसरतो. नसांची इजा पुढे गेली की बधिरपणा कायमचा राहू शकतो.

कारखाने अधिनियमाच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० च्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या २९ रोगांची यादी आहे. तीत सिलिकोसिस आहे, गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे. कंपनाचा विकार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत मात्र तो आहे. आपल्या यादीतली ही उणीव भरून निघायलाच हवी. तोवर, हाताला मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात जाणाऱ्या कामगाराने कोणते मशीन, दिवसाचे किती तास आणि किती वर्षे धरले, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. आणि डॉक्टरांनीही ते विचारल्याशिवाय नुसत्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देऊ नयेत.