भरणा पान (ऑनलाइन आरक्षण)

भरणा पान म्हणजे संकेतस्थळावरून खोली, आसन, वेळ किंवा सेवा आरक्षित करताना ग्राहक ज्या पडद्यावर प्रत्यक्ष पैसे देतो ते पान होय. बोलीभाषेत त्याला 'पेमेंट पेज' किंवा 'चेकआउट' असे म्हटले जाते. भारतात होमस्टे, कृषी पर्यटन केंद्रे, दंतचिकित्सालये, संगीताचे वर्ग अशा लहान व्यवसायांच्या आरक्षणात हे पान सर्वत्र सारखे दिसत नाही. एकाच दुव्यावरून दोन ग्राहकांना, किंवा एकाच ग्राहकाला दोन वेळा, वेगवेगळी पाने दिसू शकतात. ही विसंगती बहुतांशी व्यवसायमालकाने निर्माण केलेली नसते आणि अनेकदा त्याच्या पाहण्यातही येत नाही. ग्राहक मात्र तिचा जाब त्यालाच विचारतो. शिवाय खरे पान दरवेळी निराळे दिसत असल्यामुळे बनावट पान ओळखण्याइतकी नजर ग्राहकाला येत नाही, हा तिचा अधिक गंभीर परिणाम आहे.

एका व्यवहारातील अनेक पाने

उदाहरणादाखल सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली येथील एखाद्या होमस्टेचे आरक्षण घेता येईल. तारीख आणि खोली निवडण्याचे पान मालकाचे असते. ते बहुधा एखाद्या तयार आरक्षण प्रणालीवर उभारलेले असते आणि त्यावर मराठी मजकूर असू शकतो. 'पैसे भरा' ही कळ दाबली की ग्राहक पेमेंट अ‍ॅग्रिगेटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या पानावर जातो. तेथे रंग, मांडणी आणि बहुतेक वेळा भाषाही बदलते. कार्ड निवडल्यास पुढचे पान ग्राहकाच्या स्वतःच्या बँकेचे असते व त्यावर ओटीपी मागितला जातो. यूपीआय निवडल्यास फोनवरील अ‍ॅप उघडते आणि पिन तेथे द्यावा लागतो. शेवटी ग्राहक मालकाच्या पानावर परत येतो, निदान तशी अपेक्षा असते.

म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने जो एकच व्यवहार आहे, त्यात तीन-चार स्वतंत्र संस्थांची पाने एकामागून एक येतात. या संस्था परस्परांशी तांत्रिक संकेतांनी बांधलेल्या आहेत, मांडणीने नाहीत. मराठीत वाचलेली रक्कम पुढच्याच पानावर इंग्रजी अंकांत आणि वेगळ्या नावाखाली दिसते. सराईत माणसाला यात काही वाटत नाही. पहिल्यांदाच स्वतः आरक्षण करणारा ज्येष्ठ नागरिक मात्र येथेच थांबतो, आणि त्याचे थांबणे अवाजवी म्हणता येणार नाही.

विसंगतीची कारणे

पहिले कारण जोडणीच्या पद्धतीत आहे. काही व्यवसाय ग्राहकाला मध्यस्थाच्या पानावर पाठवतात, काही मध्यस्थाची चौकट आपल्याच पानावर उघडतात, तर काही केवळ व्हॉट्सअ‍ॅपवरून पैसे भरण्याचा दुवा किंवा क्यूआर कोड पाठवतात. एकच होमस्टे संकेतस्थळावर पहिली आणि फोनवर बोलणाऱ्या ग्राहकासाठी तिसरी पद्धत वापरतो, असे नेहमी घडते.

दुसरे कारण ग्राहकाच्या हातातील साधनाचे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीत संगणकावर सहसा क्यूआर कोड दाखवला जातो, कारण अ‍ॅप फोनमध्ये असते. फोनवर तोच कोड निरुपयोगी ठरतो, म्हणून तेथे थेट अ‍ॅप उघडण्याची सोय दिली जाते. अँड्रॉइड फोनवर उपलब्ध यूपीआय अ‍ॅपांची यादी पुढे येते. आयफोनवर सर्वसाधारण दुव्याने अशी यादी न येता एखादेच अ‍ॅप उघडू शकते आणि ते ग्राहकाच्या नेहमीच्या वापरातले असेलच असे नाही. समाजमाध्यमाच्या अ‍ॅपमध्येच दुवा उघडला, तर त्यातील अंतर्गत ब्राउझर कधीकधी यूपीआय अ‍ॅपला हाक देऊ शकत नाही. ग्राहक कळ दाबत राहतो आणि काहीच होत नाही. तोच दुवा फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडल्यास अडचण बहुधा दूर होते.

तिसरे कारण नियमांमधून येते. भारतीय रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून देशांतर्गत ऑनलाइन कार्ड व्यवहारांना अतिरिक्त पडताळणी सक्तीची केली. ओटीपीचे पान ज्या त्या बँकेचे असल्याने जितक्या बँका तितकी पाने, अशी स्थिती आहे. पुढे १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापारी आणि मध्यस्थ यांना ग्राहकाच्या कार्डाचा मूळ क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई झाली. त्याऐवजी टोकन नावाचा पर्यायी क्रमांक वापरला जातो. टोकन विशिष्ट कार्ड आणि विशिष्ट व्यापारी यांच्यापुरतेच असते. त्यामुळे एका ठिकाणी 'जतन केलेले कार्ड' समोर येते आणि दुसऱ्या ठिकाणी सोळा अंक पुन्हा भरावे लागतात. हा बिघाड नसून सुरक्षेसाठी केलेली रचना आहे. पण तसे त्या पानावर कोठेही लिहिलेले नसते.

पैसे स्वीकारणाऱ्याचे नाव

ग्राहकाला सर्वांत अधिक संभ्रमात टाकणारी बाब म्हणजे पैसे कोणाला जात आहेत हे सांगणारी ओळ. फलकावर होमस्टेचे नाव असते, बँक खाते मात्र मालकाच्या, त्याच्या पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर असू शकते. मध्यस्थामार्फत पैसे गेल्यास खात्याच्या उताऱ्यावर मध्यस्थाचे नावही उमटू शकते. एनपीसीआयच्या सूचनेनुसार ३० जून २०२५ पासून व्यक्तींमधील, तसेच व्यक्ती व लहान व्यापारी यांच्यातील यूपीआय व्यवहारांत बँकेत नोंदलेले लाभार्थ्याचे नावच दाखवावे लागते. अ‍ॅपमध्ये ठेवलेले टोपणनाव किंवा क्यूआर कोडात भरलेले नाव चालत नाही. फसवणूक रोखण्याच्या दृष्टीने हा बदल योग्यच आहे. त्याचा एक परिणाम असा, की प्रामाणिक होमस्टेमालकाच्या ग्राहकालाही पडद्यावर अनोळखी नाव दिसते. खात्याचे नाव आरक्षणाच्या पानावर आणि संदेशात आधीच लिहून ठेवणे हा यावरचा बिनखर्ची उपाय होय, आणि तो फारच थोडे व्यावसायिक करतात.

पैसे गेले, आरक्षण नाही

पाने बदलण्याच्या या साखळीत सर्वांत नाजूक दुवा शेवटचा असतो. पैसे दिल्यानंतर ग्राहक मालकाच्या पानावर परतला की आरक्षण नोंदवायचे, अशी रचना काही संकेतस्थळांत केलेली असते. दरम्यान नेटवर्क तुटले, फोन वाजला किंवा ग्राहकाने यूपीआय अ‍ॅपमधून परत न येता तेथूनच काम संपवले, तर खात्यातून पैसे जातात आणि खोली मोकळीच दिसत राहते. तीच खोली दुसरा ग्राहक घेतो. सुट्टीच्या दिवशी दोन कुटुंबे एकाच खोलीच्या दारात उभी राहतात ती बहुधा अशा चुकीमुळे, आणि त्या वेळी मालकाने लबाडी केली असा समज होणे साहजिक असते.

याला पर्याय म्हणून मध्यस्थाच्या संगणकाकडून मालकाच्या संगणकाला थेट सूचना पाठवण्याची सोय असते. तिला वेबहूक म्हणतात. ग्राहकाचे पान बंद झाले तरी ही सूचना पोहोचते. मात्र ती संकेतस्थळ उभारणाऱ्याने वेगळी जोडावी लागते. काही व्यवहार आधी 'अयशस्वी' दिसून थोड्या वेळाने यशस्वी ठरतात, म्हणून 'प्रलंबित' अशी तिसरी अवस्था दाखवणेही आवश्यक असते. ज्या पानांवर ती नसते, तेथे ग्राहक घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतो.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली परंतु व्यापाऱ्याकडे व्यवहाराची पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी १०० रुपये भरपाई ठरवलेली असून ती मिळण्यासाठी तक्रारीची अट नाही. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. पुष्टी पोहोचली, पण मालकाच्या आरक्षण प्रणालीने ती नोंदवली नाही, तर बँकेच्या दृष्टीने व्यवहार यशस्वी असतो. अशा वेळी परतावा मालकालाच द्यावा लागतो आणि त्याला ही गोष्ट पहिल्या तक्रारीनंतरच कळते.

बदलणारी रक्कम

वरील सर्व भेद तांत्रिक आहेत; रकमेतील भेदाचे तसे नाही. पहिल्या पानावर एक आकडा आणि शेवटच्या पानावर 'सुविधा शुल्क' मिळवून दुसरा, ही पद्धत ग्राहकाची दिशाभूल करणारी ठरू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या रचनांची यादी आहे. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि ग्राहकाच्या संमतीविना विमा, देणगी यांसारखी बाब त्याच्या यादीत घालणे या दोन्ही रचना त्यात समाविष्ट आहेत. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्ड यांवरील व्यापारी शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. क्रेडिट कार्डावर मात्र शुल्क लागते आणि काही व्यावसायिक ते ग्राहकावर टाकतात. पैसे देण्याचा मार्ग बदलताच एकूण रक्कम बदलते ती अनेकदा यामुळे.

फसवणुकीशी संबंध

बनावट होमस्टेच्या नावाने संकेतस्थळ उभारून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार पर्यटनस्थळांच्या बाबतीत घडतात. अशा पानावरही कुलपाचे चिन्ह असू शकते. त्या चिन्हाचा अर्थ ब्राउझर आणि संकेतस्थळ यांमधील देवाणघेवाण सांकेतिक स्वरूपात होते एवढाच आहे; पलीकडचा माणूस खरा आहे असा नव्हे. बँकेच्या पानाची ओळख पटावी म्हणून रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. 'परतावा मिळवण्यासाठी पिन टाका' असे सांगणारे पान किंवा संदेश, तो कितीही ओळखीचा दिसला तरी, खोटा असतो. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच नोंद करता येते. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्यापूर्वी ती झाल्यास रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

परदेशातून होणारी आरक्षणे

परदेशात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे गावाकडील आईवडिलांसाठी किंवा स्वतःच्या सुट्टीसाठी अशी आरक्षणे करतात, तेव्हा पान आणखी वेगळे दिसते. लहान व्यवसायाच्या खात्यावर परदेशी कार्डे स्वीकारण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ती नसल्यास कार्ड कारण न सांगता नाकारले जाते. अमेरिकेत ऑनलाइन कार्ड व्यवहाराला ओटीपीची सरसकट सक्ती नसल्याने तेथील कार्डधारकाला बँकेचे पान कधी दिसते, कधी दिसतच नाही. २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती यांच्यासह १० देशांतील दूरध्वनी क्रमांकांवर अनिवासी भारतीयांची एनआरई व एनआरओ खाती यूपीआयशी जोडण्याची मुभा देण्यात आली. तरीही अनेक घरांत जुनीच पद्धत चालू आहे: गावातील नातेवाइकाने मालकाला रोख रक्कम द्यायची आणि परदेशातील मुलाने ती नंतर त्याच्या खात्यात भरायची.