बाटलीतले पाणी आणि वुजूचे पाणी

मेकअप चढवायला दोन तास लागतात, पण उतरवायला दहा मिनिटेही कोणाकडे नसतात. लग्नसराईत हे घरोघरी दिसते. सकाळी पार्लरवाली येते, दुपारी निकाह होतो, फोटो होतात, जेवणे होतात आणि तोवर असरची वेळ होते. नवरीला किंवा तिच्या मैत्रिणींना नमाजची आठवण करून दिली की उत्तर ठरलेले असते, "खाला, आता तोंड धुतले तर सगळे पैसे पाण्यात!" मग असर जाते, मगरिब जाते, कधी इशाही जाते. मुली बेपर्वा असतात असे नाही. एरवी फज्र न चुकवणाऱ्या मुली त्या एका दिवशी तीन-तीन नमाज कझा करतात, कारण चेहऱ्यावर जे चढवले आहे ते सहज उतरत नाही आणि उतरवले तर पुन्हा चढवायला वेळ नसतो.

म्हणून आमच्या घरातल्या कॉलेजच्या मुलींनी कोरियन 'क्लीन्झिंग वॉटर'ची बाटली मागवली, तेव्हा आम्ही नाक मुरडले नाही. कोरियन मालिका बघून मुलींच्या डोक्यात काय काय येते ते वाचक भगिनींना सांगायला नको. पण ही वस्तू आपल्या कामाची आहे का, हे बघायला काय हरकत? थोरल्या जाऊबाईंपासून धाकट्या मुलीपर्यंत आम्ही चौघींनी ती तीन आठवडे वापरून पाहिली.

दिसायला हे साधे पाणीच. रंग नाही, चिकटपणा नाही. पण नुसत्या पाण्याने न निघणारे फाउंडेशन याने निघते, ते त्यात मिसळलेल्या सौम्य साबणासारख्या पदार्थामुळे. या पदार्थाच्या प्रत्येक कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. पाण्यात असे पुष्कळ कण असले की ते गोळा होऊन बारीक गोळ्या बनतात, तेलाची ओढ असलेली टोके आत आणि पाण्याची बाहेर. यांना 'मायसेल' म्हणतात. कापसाचा बोळा चेहऱ्यावर फिरवला की मेकअपमधले तेल या गोळ्यांच्या पोटात शिरते आणि बोळ्यावर येते. आठवी-नववीच्या मुलांना साबण कपड्यातला मळ कसा काढतो ते शिकवताना आपण हेच सांगतो.

हे पाणी आधी फ्रान्समधल्या औषधांच्या दुकानांतून नावारूपाला आले. कोरियन कंपन्यांनी ते उचलले आणि आपल्या पद्धतीत बसवले. तिथे चेहरा दोनदा स्वच्छ करण्याची रीत आहे. पहिल्या वेळी तेल, बाम किंवा हे पाणी वापरून मेकअप आणि सनस्क्रीन काढायचे, दुसऱ्या वेळी फेसाळ फेसवॉश लावून साध्या पाण्याने धुवायचे. म्हणजे क्लीन्झिंग वॉटर ही तिथली पहिली पायरी आहे. आपल्याकडे मात्र 'धुवायची गरज नाही' एवढेच जाहिरातीतले वाक्य मुलींच्या लक्षात राहते.

आता अनुभव. रोजची हलकी पावडर, बीबी क्रीम, साधी लिपस्टिक दोन-तीन बोळ्यांत निघाली. डोळ्यांवर बोळा दहा-पंधरा सेकंद नुसता दाबून धरायचा आणि मग अलगद खाली ओढायचा. घासायचे नाही, कारण पापणीची कातडी फार नाजूक असते. लेन्स लावत असाल तर आधी लेन्स काढायची. साध्या काजळासाठी एवढे पुरले. मॅट लिपस्टिकने मात्र दम काढला, आणि वॉटरप्रूफ मस्कारा व आयलायनरपुढे बाटलीने हातच टेकले. चौथा बोळाही काळा होत होता आणि धाकटीचे डोळे लाल झाले. शेवटी जाऊबाईंनी बोटावर दोन थेंब खोबरेल घेऊन पापण्यांना लावले, मिनिटभर थांबल्या आणि पुसले. सगळे निघाले! मेण आणि तेल यांनी बनलेल्या वस्तूवर तेलच चालते. कोरियन बायका पहिल्या पायरीला तेल वापरतात ते याचसाठी. तेव्हा लग्नाच्या जाड मेकअपला आमचा क्रम असा ठरला: डोळ्यांना आणि ओठांना खोबरेल, बाकी चेहऱ्याला क्लीन्झिंग वॉटर, मग फेसवॉश आणि भरपूर पाणी. सारे मिळून दहा मिनिटांत होते.

शेवटचे धुणे टाळू नका. चेहरा स्वच्छ दिसत असला तरी ते साबणासारखे पदार्थ कातडीवर राहतात. थोरलीची कातडी कोरडी आहे. तिने दोन रात्री न धुता झोपून पाहिले, तर गालावर खाज सुटली. धुवायला लागल्यावर खाज थांबली.

वुजूच्या बाबतीत मुलींचा एक गैरसमज आम्हाला मुद्दाम दूर करावासा वाटतो. बाटलीवर 'वॉटर' लिहिले आहे आणि चेहरा तर स्वच्छ झाला, मग वुजू झालाच की, असे एकीने विचारले. नाही झाला. सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत चेहरा आणि कोपरापर्यंत हात धुण्याचा हुकूम आहे. ओल्या बोळ्याने पुसणे म्हणजे धुणे नव्हे, आणि औषधी पदार्थ मिसळलेले पाणी म्हणजे वुजूचे साधे पाणी नव्हे. या बाटलीचे काम वुजूच्या आधीचे आहे, पाण्याच्या वाटेतला अडथळा दूर करण्याचे.

अडथळा कशाला म्हणायचे? मेंदीचा नुसता रंग राहतो, थर राहत नाही, म्हणून मेंदीने वुजू अडत नाही. मेणासारखा थर, वॉटरप्रूफ लायनर, नेलपॉलिश यांच्याखाली पाणी पोचत नाही, म्हणून ते काढावे लागतात. नेलपॉलिश या पाण्याने निघत नाही, त्याला रिमूव्हरच लागतो.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. वुजू करून मग मेकअप केला तर मेकअपने वुजू तुटत नाही. नवरीने जुहरच्या आधी वुजू करून सजायला बसावे, वुजू टिकला तर असरही त्याच वुजूवर होते. टिकला नाही तर उतरवणे आलेच. म्हणून पार्लरवालीला आधीच सांगून ठेवावे की वॉटरप्रूफ वस्तू लावू नकोस. हे एक वाक्य कोणत्याही महागड्या बाटलीपेक्षा जास्त उपयोगी पडते. फोटोत फरक दिसतो का? आम्हाला तरी दिसला नाही.

राहिला प्रश्न हलालचा. घटकांची यादी बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत असते, ज्याचे प्रमाण जास्त ते आधी. 'अल्कोहोल' शब्द दिसला की घाबरून बाटली टाकू नये. सिटाइल अल्कोहोल हा मेणासारखा पदार्थ आहे, फिनॉक्सिइथेनॉल वस्तू टिकवण्यासाठी घालतात. नशेशी दोन्हींचा संबंध नाही. नुसते 'अल्कोहोल', 'इथेनॉल' किंवा 'अल्कोहोल डिनॅट' असेल तर ते खरे अल्कोहोल. वरून लावण्याच्या वस्तूत ते चालते का, याबद्दल पुष्कळ हनफी आलिम सवलत देतात, शाफई मसलकमध्ये जास्त कडकपणा आहे. आपल्या कोकणातल्या बहुतेक घरांत शाफई मसलक आहे, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. ग्लिसरीन वनस्पतीचे असू शकते तसे प्राण्यांच्या चरबीचेही. कोलाजेन माशाचे, गाईचे किंवा डुकराचे असते. कोरियन वस्तूंत गोगलगायीचा स्रावही सर्रास वापरतात. आमच्या बाटलीत यातले काही नव्हते. होती ती मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ब्राह्मीच म्हणतात! परसातली पाने समुद्रापार जाऊन 'सिका' नावाने परत येतात, याची जाऊबाईंना फार गंमत वाटली.

कोरियात मुसलमान थोडेच आहेत. तरी सोलच्या इतेवॉन भागात १९७६ पासून मोठी मशीद आहे आणि कोरिया मुस्लिम फेडरेशन हलाल प्रमाणपत्र देते. इंडोनेशियाने २०१४ मध्ये हलाल कायदा केला, त्यानुसार तिथे सौंदर्यप्रसाधनांसाठी ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठेवलेली आहे. एवढी मोठी बाजारपेठ कोणती कंपनी सोडेल? कोरियन बाटल्यांवर हलालची खूण अधिक दिसू लागली तर नवल नाही.

विकत घेताना बाटलीवर भारतातल्या आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे ते हवेच. नसेल तर माल चोरवाटेने आलेला किंवा नकली असू शकतो. तारीख कोरियन पद्धतीने छापलेली असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम असतो. '२६.०५.०३' म्हणजे ३ मे २०२६. उघड्या डबीच्या चित्रात '१२ एम' लिहिले असेल तर झाकण उघडल्यापासून बारा महिने. आम्ही उघडल्याची तारीख स्केचपेनने बाटलीवरच लिहून ठेवली आहे. आणि पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस थांबा. पुरळ आले नाही, तरच चेहऱ्याला लावा.